कॅथलिक विद्यापीठातील धर्मसेवा विभाग आणि सोलापुरातील दोन घरांच्या काळज्या

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले घर वीरशैव लिंगायत; कन्या बारावी होऊन बेंगळुरूच्या एका कॅथलिक विद्यापीठात वाणिज्य शाखेला जात आहे आणि तिच्या वसतिगृहाच्या आवारातच चॅपल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, आहे. माहितीपुस्तिकेत ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ (धर्मसेवा) या नावाचा स्वतंत्र विभाग दिसल्यापासून नातेवाइकांनी ‘पोरगी धर्म बदलून परत येईल’ असे बोलायला सुरुवात केली आहे. तिची शाळेपासूनची मैत्रीण सोलापूरच्याच एका कॅथलिक कुटुंबातली आहे. तीही त्याच विद्यापीठात जात आहे आणि तिच्या आईची काळजी नेमकी उलटी आहे. मोठ्या शहरात गेल्यावर मुलगी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणे सोडून देईल, असे त्यांना वाटते. हा विभाग प्रत्यक्षात काय करतो, त्यात भाग घेणे सक्तीचे असते का, आणि दोन्ही घरांनी नेमके काय तपासावे, हे आपण विचारले आहे. शेवटी सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी जानेवारीत रजा मिळेल का, हाही प्रश्न आहे.

मी मूळची सोलापूरचीच. पुणे आणि बेंगळुरू येथील कॅथलिक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या धर्मसेवेचे काम मी अनेक वर्षे केले आहे. मी धर्मभगिनी नाही, घरसंसार असलेली बाई आहे. हे मुद्दाम सांगते, कारण या विभागात फक्त फादर आणि सिस्टर असतात असा समज सर्वत्र आढळतो.

सक्तीचा मुद्दा आधी घेते, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या उपकलमानुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शैक्षणिक संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय तेथील धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेल तर ही संमती पालकाने द्यायची असते. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे चॅपल बांधणे, धर्मगुरू नेमणे, रोज मिस्सा अर्पण करणे हे सर्व संस्थेच्या अधिकारात येते, पण कोणाला हात धरून तिथे नेऊन बसवणे त्या अधिकारात येत नाही. आपली कन्या प्रवेशाच्या वेळी अजून १७ वर्षांची असेल, तर संमतीचा निर्णय तोवर आपला आहे. १८ पूर्ण झाली की तो तिचा आहे. हा दुसरा भाग पालक सहसा लक्षात घेत नाहीत.

चर्चचा स्वतःचा नियमही याहून वेगळे काही सांगत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ ही घटनावजा आज्ञा काढली आणि जगभरातील कॅथलिक विद्यापीठे आजही तिच्या चौकटीत चालतात. विद्यापीठाच्या सर्व कामांवर कॅथलिक शिकवणुकीचा प्रभाव असावा, परंतु प्रत्येक व्यक्तीच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखला जावा, असे त्यातील दुसऱ्या कलमात एकाच वाक्यात सांगितले आहे. धर्मसेवेसाठी पुरेशा संख्येने पात्र माणसे नेमावीत आणि त्यांत धर्मगुरू, व्रतस्थ (सिस्टर, ब्रदर) आणि प्रापंचिक असे तिन्ही प्रकारचे लोक असावेत, असे सहावे कलम सांगते. माझ्यासारखीला हे काम मिळाले ते याच कलमामुळे. म्हणून आपल्या कन्येचे स्वातंत्र्य ही संस्थेने केलेली मेहरबानी आहे असे कोणी भासवले, तर ते चर्चच्या नियमांशीही विसंगत आहे, हे निःसंकोच सांगावे.

तरीही कागदावरचा नियम आणि वसतिगृहातली सकाळ यांत अंतर पडते, आणि जाणत्या माणसाने या अंतराबद्दलच बोलावे. मूल्यशिक्षणाचा तास बहुतेक ठिकाणी सर्वांना असतो. तो उपासनेत मोडत नाही आणि त्याला बसायला हरकत असू नये. कार्यक्रमाच्या आरंभी प्रार्थना होते तेव्हा शांत उभे राहणे ही सभ्यता आहे. आपल्याकडेही कार्यक्रमात ईशस्तवन होतेच. खरी अडचण येते ती संस्थेच्या वर्धापनदिनासारख्या दिवशी. सकाळी मिस्सा, लगेच त्याच सभागृहात बक्षीस समारंभ, आणि हजेरी मात्र मिस्सेच्या आधीच घेतलेली! कोणी सक्ती केली असे म्हणता येत नाही, पण उठून जाण्याची सोयही ठेवलेली नसते. हजेरीपत्रक चॅपलच्या दारात येता कामा नये, असे माझे ठाम मत आहे, आणि हा आग्रह मी कॅथलिक विद्यार्थ्यांसाठीही तितकाच धरते. हजेरीसाठी मिस्सेला बसलेला मुलगा पदवी मिळाल्यावर पुन्हा चर्चकडे फिरकत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

आता विभाग करतो काय, ते सांगते. वेळापत्रकात दिसते ते असे: रोजची आणि रविवारची मिस्सा, ठरलेल्या वेळी पापनिवेदनाची (धर्मगुरूपाशी आपली पापे कबूल करण्याची) सोय, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आराधना, बायबल अभ्यासगट, गायकवृंद, वर्षातून एकदोन रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाची शिबिरे), ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेची भक्ती, नाताळची तयारी, वस्त्यांमध्ये शिकवणीचे वर्ग, रक्तदान, इस्पितळांना भेटी. भारतातल्या बहुतेक कॅथलिक महाविद्यालयांत कॅथलिक विद्यार्थी अल्पसंख्य असतात. त्यामुळे या यादीतला उपासनेचा भाग थोड्यांसाठी असतो आणि सेवेचा भाग सर्वांसाठी खुला असतो. माहितीपुस्तिकेत फोटो येतात ते या यादीचे.

कामाचा मोठा हिस्सा मात्र कोणत्याच फोटोत येत नाही. एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून. सोलापूर जिल्ह्यातली पहिल्या वर्षाची एक मुलगी, हिंदू घरातली. सत्र परीक्षा चालू असताना रात्री जेवणानंतर तिला घरून फोन आला की वडील गेले. ती खोलीत उभी होती, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात दुसऱ्या दिवशीच्या पेपरचे हॉल तिकीट, आणि तिची मैत्रीण घाईघाईने बॅगेत कपड्यांऐवजी वह्या भरत होती. त्या दिवसाची उद्यान एक्स्प्रेस निघून गेली होती. विभागातल्या फादरांनी रात्रीच्या बसची दोन तिकिटे काढली, कारण तिला एकटीला पाठवायचे नव्हते. सोबत जायला एक शिक्षिका तयार केली. परीक्षा विभागाला देण्याचा अर्ज स्वतः लिहून त्यावर तिची फक्त सही घेतली. आणि बस सोलापूरला पोहोचेपर्यंत तिच्या काकांशी फोनवर संपर्क ठेवला. तेरावा झाल्यावर ती परतली तेव्हा देवाधर्माची एकही गोष्ट कोणी तिच्यापुढे काढली नाही. राहिलेले पेपर कधी होतील आणि मेसमध्ये ती जेवते का, एवढीच चौकशी होत असे. पुढे काही आठवड्यांनी ती दुपारच्या सुटीत चॅपलच्या शेवटच्या बाकावर येऊन बसू लागली. पायऱ्यांवर आपल्या चपला बाजूला नीट जोडून ठेवत असे, इतर मुली बूट घालूनच आत जातात हे दिसत असूनही. ‘मी इथं नुसतं बसलं तर चालतं का?’ एवढेच तिने विचारले होते, आणि ‘चालतं’ यापलीकडे तिला काही सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही. तीन वर्षांनी ती पदवी घेऊन गेली, जशी आली होती तशीच हिंदू म्हणून.

या कामाबद्दल मला जे सांगायचे आहे ते याच प्रसंगात आहे. विभागाची पारख त्याच्या उपक्रमांवरून होत नाही, आणि मिस्सेला किती डोकी जमली यावरून तर मुळीच होत नाही. रात्री साडेनऊला दार ठोठावले तर उघडणारे, विद्यार्थ्याला नावानिशी ओळखणारे आणि त्याच्याकडून स्वतःसाठी किंवा संस्थेसाठी काहीही नको असलेले एक प्रौढ माणूस त्या आवारात आहे का, यावर ती होते. असे माणूस असेल तर आपल्या कन्येला तिच्या श्रद्धेसह आधार मिळतो आणि तिच्या मैत्रिणीची श्रद्धाही टिकण्याची शक्यता वाढते. नसेल, तर कितीही रिट्रीट घेतल्या तरी दोघींनाही त्याचा उपयोग नाही.

ही कल्पना नवी नाही. जॉन हेन्री न्यूमन, ज्यांना २०१९ मध्ये संतपद दिले गेले, ते एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिक्षक होते आणि तेव्हा अजून अँग्लिकन होते. विद्यार्थ्याला विषय शिकवणे आणि त्याच्या आत्मिक वाढीची काळजी घेणे ही दोन वेगळी कामे नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. कॉलेजचे प्रमुख हॉकिन्स यांना तो मान्य नव्हता. त्यांनी न्यूमन यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठवणे बंद केले. पुढे न्यूमन कॅथलिक झाले आणि १८५४ मध्ये सुरू झालेल्या डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठाचे पहिले रेक्टर (प्रमुख) झाले. जगभर विद्यापीठांच्या परिसरात जी कॅथलिक विद्यार्थी केंद्रे आहेत, त्यांपैकी अनेकांना आज त्यांचे नाव आहे; अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३ साली सुरू झालेला क्लब त्या परंपरेतला पहिला.

धर्मांतराच्या भीतीबद्दल आता स्पष्टच बोलते, कारण ती केवळ नातेवाइकांची कुजबुज म्हणून सोडून देण्याजोगी नाही. मुलीला दूर पाठवणाऱ्या कोणत्याही घराला ती वाटू शकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा मंजूर केला आणि त्यात धर्मप्रसार करताना दडपण किंवा अनुचित प्रलोभन यांचा लवलेशही नसावा, विशेषतः समोरचा माणूस गरीब किंवा अशिक्षित असेल तेव्हा, असे सांगितले. कॅनन लॉ म्हणजे चर्चच्या धर्मसंहितेतील कलम ७४८ म्हणते की कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही. प्रौढाच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या विधीची, प्रक्रिया तर इतकी लांब आहे की एखाद्या उत्साही सिस्टरने वसतिगृहात तो उरकून टाकणे नियमात बसतच नाही. कलम ८६५ नुसार त्या व्यक्तीने स्वतः इच्छा व्यक्त केलेली असावी लागते, तिला पुरेसे धर्मशिक्षण मिळालेले असावे लागते आणि दीक्षापूर्व काळात तिची पारख व्हावी लागते. कलम ८६३ नुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांचा बाप्तिस्मा धर्मप्रांताच्या बिशपांपुढे ठेवायचा असतो.

नियम असे असले तरी एखादी मुलगी स्वतः येऊन ‘मला तुमच्या धर्मात यायचं आहे’ असे म्हणते, असेही घडते. कधी मैत्रिणींचा लळा असतो, कधी प्रेमप्रकरण, कधी घरातल्या भांडणाचा राग, तर कधी नुकताच झालेला मृत्यू. अशा वेळी मी दोन गोष्टी करत असे: आधी तिला तिच्या घरच्या देवाबद्दल आणि पूजेबद्दल बोलते करायचे, आणि मग वसतिगृहात असेतोवर कोणताही निर्णय न घेण्याचा सल्ला द्यायचा. परक्या गावात, परीक्षांच्या ताणात आणि विसाव्या वर्षाच्या आत घेतलेला धर्माचा निर्णय बहुधा धर्माबद्दलचा नसतो. माझ्या काही सहकाऱ्यांना ही सावधगिरी जरा जास्त वाटे; मला ती अजूनही योग्य वाटते.

आपल्या कन्येने स्वतःचे नित्यकर्म तिथे कसे चालू ठेवावे, हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ती इष्टलिंगधारी आहे, म्हणजे दीक्षेत मिळालेले लिंग अंगावर धारण करते, असे मी गृहीत धरते. सकाळी स्नान करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायला दहा मिनिटे आणि एक स्वच्छ कोपरा पुरतो; अडचण येते ती दिवा, उदबत्ती आणि कापूर यांची, कारण आगीच्या भीतीने बहुतेक वसतिगृहांत खोलीत काहीही पेटवायला बंदी असते. ही बंदी सर्वधर्मीयांना सारखीच असते, नाताळच्या मेणबत्त्यांनाही. तेव्हा ती मनाला लावून घेऊ नये. विभूती, बेल आणि पाणी यांना कोणी अडवत नाही. खोलीतल्या मैत्रिणींना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावे की या वेळी मी बोलणार नाही. वॉर्डनने काही हरकत घेतली, तर सरळ धर्मसेवा विभागात जाऊन सांगावे. हे वाचून कदाचित आश्चर्य वाटेल, पण इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांच्या उपासनेची गैरसोय दूर करणे हे त्या विभागाचे काम आहे, असे मी मानते. अमेरिकेतील जॉर्जटाउन हे १७८९ मध्ये स्थापन झालेले येशूसंघीय (जेझुइट धर्मगुरूंचे) विद्यापीठ आहे. तिथे १९९९ पासून पूर्णवेळ मुस्लिम धर्मसेवक आहेत, आणि पुढे हिंदू विद्यार्थ्यांसाठीही अशी व्यवस्था झाली. आपल्या देशात इतक्या धर्मांची मुले एका मेसमध्ये जेवत असताना असे पद निर्माण करायला अडचण कोणती आहे, हे मला कळत नाही.

तिला जमले तर विभागाच्या सेवाकार्यात तिने अवश्य जावे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खोदवला, ही गोष्ट सोलापूरच्या मुलीला कोणी शिकवावी लागत नाही; लोकांसाठी अंग मोडून केलेले काम ही तिच्या घरच्या परंपरेतली उपासना आहे. वस्तीतल्या मुलांना गणित शिकवताना तिला कोणाचा धर्म उसना घ्यावा लागणार नाही. उलट, शेजारी बसलेल्या कॅथलिक मुलाने ‘तुमच्याकडे हे का करतात?’ असे विचारले की तिला स्वतःच्या घराबद्दल पहिल्यांदाच नीट विचार करावा लागेल, आणि सुटीत घरी आल्यावर ती आपल्याला असे प्रश्न विचारील की आपल्यालाही पुस्तके उघडावी लागतील.

आता तिच्या मैत्रिणीकडे वळते. तिच्या आईची भीती, खरे सांगायचे तर, आपल्या भीतीपेक्षा अधिक साधार आहे. सोलापुरातला कॅथलिक समाज लहान आहे. पुणे धर्मप्रांतातल्या या गावात रविवारी कोण आले आणि कोण आले नाही हे साऱ्यांना माहीत असते, आणि एखादी मुलगी दोन रविवार दिसली नाही तर तिसऱ्या रविवारी तिच्या आईला विचारणा होते. बेंगळुरूत तिला असे कोणी विचारणार नाही. लहानपणापासूनची तिची श्रद्धा बऱ्याच अंशी या विचारणेच्या आधाराने उभी होती, हे तिला तिथे गेल्यावर कळेल. मिस्सा चुकते ती बंडखोरीमुळे नव्हे. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागरण होते, रविवारी डोळा उघडतो तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. पुढच्या रविवारी तसेच, आणि मग इतके दिवस गेलो नाही, आता पापनिवेदन करायचे म्हणजे काय सांगायचे, या संकोचाने दार बंद होते. माझ्या अनुभवात हे पहिल्या सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच ठरून जाते.

म्हणून तिने पहिल्याच रविवारी गायकवृंदाकडे जाऊन नाव द्यावे. आवाज बेताचा असला तरी चालतो. वाचन करणे, फुले लावणे, प्रोजेक्टर चालवणे, काहीही चालेल; फक्त तिची वाट पाहणारे कोणीतरी तिथे असले पाहिजे. रविवारी संध्याकाळची मिस्सा असेल तर त्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पुरे होते. शनिवारी संध्याकाळचीही चालते. हे कित्येक मुलांना ठाऊक नसते.

तिला गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. भारतात कॅथलिक चर्चच्या तीन उपासना परंपरा आहेत: लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार. सोलापूरची ही मुलगी लॅटिन परंपरेत वाढली आहे. बेंगळुरूचे सेंट जोसेफ विद्यापीठ येशूसंघीयांचे म्हणजे लॅटिन परंपरेतले आहे. क्राइस्ट विद्यापीठ, जे १९६९ मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू होऊन २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले, ते सी.एम.आय. या धर्मगुरूंच्या संघाचे आहे आणि हा संघ, १८३१ मध्ये केरळात मान्नानम येथे स्थापन झालेला, सिरो-मलबार परंपरेतला आहे. तिथे होणाऱ्या कुर्बान्यातल्या (त्या परंपरेतल्या मिस्सेतल्या) प्रार्थनांचा क्रम, गीते, वेदीवरची पोशाखाची पद्धत तिला वेगळी वाटेल आणि ‘हे आपले चर्च नव्हे’ असा तिचा समज होऊ शकेल. तो चुकीचा आहे. धर्मसंहितेच्या कलम १२४८ नुसार कोणत्याही कॅथलिक परंपरेतल्या मिस्सेत भाग घेतला की कर्तव्य पूर्ण होते, आणि ख्रिस्तप्रसादही (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) तिला निःशंक घेता येतो. भाषेचा परकेपणा मात्र खराच राहील. बेंगळुरूत इंग्रजी, कन्नड, तमिळ, मल्याळम, कोंकणी अशा मिस्सा सापडतात. मराठी मिस्सा सहज सापडणारी नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ हे शब्द आईच्या तोंडून शिकलेल्या मुलीला इंग्रजीत तीच प्रार्थना म्हणताना काही दिवस घशात अडकल्यासारखे होते. तिने आपली रोजची जपमाळ मराठीतच म्हणावी, आणि आईने रात्रीच्या फोनवर तिच्याबरोबर जपमाळेचे एक दशक (दहा मण्यांचा भाग) म्हणावे. जाब विचारण्यापेक्षा याचा परिणाम चांगला होतो.

मोठी मुले आणि मुली ‘आयकफ’मध्ये, म्हणजे १९२४ मध्ये सुरू झालेल्या ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशनमध्ये, जाऊ शकतात. ही चळवळ भक्तीपेक्षा समाजाचा विचार अधिक करायला लावते. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर ‘देव आहे तर माझ्या गावात पाणी का नाही’ असले प्रश्न पडणाऱ्या मुलीला गायकवृंद अपुरा वाटू लागतो, तेव्हा असे व्यासपीठ हाताशी असलेले बरे.

दोन्ही घरांनी एक गोष्ट बारकाईने पाहावी. लहान संस्थांत मनुष्यबळ कमी म्हणून तेच फादर उपप्राचार्य, तेच वसतिगृह प्रमुख आणि तेच आध्यात्मिक मार्गदर्शक असतात. शिस्तभंगाची नोटीस ज्यांच्या सहीने निघते त्यांच्यापाशी मुलगी मन कशी मोकळी करणार? चर्चने हा धोका ओळखलेला आहे. धर्मसंहितेचे कलम ९८५ सांगते की सेमिनरीच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या) किंवा अन्य शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने आपल्याच वास्तूत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये. एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःहून विनंती केली तर गोष्ट वेगळी. पापनिवेदनातले गुपित तर कोणत्याही कारणाने फोडता येत नाही, आईवडिलांनी विचारले तरी नाही. हेही त्या मातोश्रींना सांगून ठेवावे. साध्या बोलण्यातली गोष्ट वेगळी आहे: मुलीच्या जिवाला धोका दिसला तर विभागातला माणूस योग्य ठिकाणी कळवील आणि त्याने तसे कळवावेच.

मनाचा आजार आणि श्रद्धेची अडचण यांतला फरक ओळखणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. झोप उडालेल्या, जेवण टाकलेल्या मुलीला ‘प्रार्थना कर’ एवढेच सांगून परत पाठवणारा मार्गदर्शक, मग तो कितीही पवित्र असो, तिचे नुकसान करतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने पात्र समुपदेशक ठेवणे आवश्यक आहे. धर्मसेवा विभाग आणि समुपदेशन केंद्र यांची ये-जा असावी, पण खोली आणि माणसे वेगळी असावीत. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. दोघींच्याही फोनमध्ये हा क्रमांक असू द्यावा. आणि जिथे एकट्याने भेटायचे त्या खोलीचे दार काचेचे असावे किंवा उघडे असावे, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची नावे वसतिगृहाच्या फलकावर लावलेली असावीत. संस्था धार्मिक आहे म्हणून ही चौकशी करायला संकोच वाटू देऊ नये. चांगल्या विभागाला अशा प्रश्नांचा राग येत नाही, आणि राग आला तर आपल्याला हवे ते उत्तर मिळालेच.

प्रवेशाच्या दिवशी फी भरून झाली की दोन्ही घरांनी मिळून विभागात जावे. फार विचारू नये. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाची मुले किती होती हे ते पटकन सांगतील. त्यांतली बाहेरगावची, घरची आठवण येऊन कोमेजलेली मुले कोण होती आणि त्यांचे पुढे काय झाले, हे नावे न घेता सांगता येते का ते पाहावे. रात्री कोण असते, ते विचारावे. ख्रिस्ती नसलेल्या मुलीने इथे यायचे तर कशासाठी यावे, हा प्रश्न आपल्या कन्येला स्वतःला विचारू द्यावा आणि उत्तर देणारी व्यक्ती तिच्याकडे पाहून बोलते की आपल्याकडे, हे ध्यानात ठेवावे.

गड्डा यात्रेच्या रजेचे उत्तर सोपे आहे. नाताळची सुटी संपून वर्ग नुकतेच सुरू झालेले असतात आणि लगेच संक्रांतीच्या सुमारास यात्रेतला मुख्य अक्षता सोहळा येतो, तेव्हा आयत्या वेळी मागितलेली रजा विभागप्रमुखांना नाताळच्या सुटीला जोडलेली चैन वाटते. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, हा आमच्या ग्रामदैवताचा वार्षिक उत्सव आहे असे लिहून, यात्रेची निमंत्रणपत्रिका जोडून अर्ज करावा, त्याची एक प्रत धर्मसेवा विभागाला द्यावी, आणि तोवर हजेरी अटीपेक्षा चांगली वर राहील हे तिने पहिल्या दिवसापासून पाहावे. परतीचे आरक्षणही तेव्हाच करून टाकावे. त्या आठवड्यात सोलापूरहून गाड्यांना जागा मिळत नाही.